भाऊसाहेबांचं रक्त, भाऊसाहेबांचं पोट

मराठी माणसाचं पोट ही सार्वजनिक मालमत्ता आहे. ‘काय, कसं काय?’ एवढं विचारायचा अवकाश, समोरचा सकाळच्या पहिल्या चहापासून सुरुवात करून परवाच्या मिसळीपर्यंत मागे जातो. साफ झालं, अर्धवट झालं, वाटलं पण झालं नाही, अशा सर्व अवस्थांना आपल्याकडे श्रोता मिळतो. आणि श्रोत्याच्या खिशात उपाय असतोच. ओवा, हिंग, बाळहिरडा, एरंडेल, रात्री कोमट दुधातून चमचाभर तूप. असं का झालं, हे मात्र कोणी विचारत नाही. कारण शोधत बसलं तर उपाय सांगायचा राहून जाईल, ही भीती.

अशा मुलखात ससा पाळणं हे धाडसाचं काम. ससा तक्रार करत नाही. ज्याच्या हजारो पिढ्या कोल्ह्या-कुत्र्यांनी खाल्ल्या, त्याने आपलं दुखणं चारचौघांत मांडलं असतं तर वंशच बुडाला असता. जो आजारी दिसेल त्यालाच आधी उचलतात, हे त्याच्या हाडीमासी भिनलेलं आहे. त्यामुळे पोटात मरणाची कळ असली तरी ससा फक्त कोपऱ्यात जाऊन अंग आक्रसून बसतो, डोळे अर्धे मिटतो आणि दात खातो. पाहुण्यांसमोर एखादं पोर असं कोपऱ्यात गप्प बसलं तर आपण ‘किती शहाणं आहे’ म्हणतो. ससा बसला की रिक्षा बोलवायची.

माझ्या काकांच्या नारायण पेठेतल्या घरी हे शहाणपण दिसलं तेव्हा कोणी रिक्षा बोलावली नाही. सभा भरली.

पेशंटचं नाव भाऊसाहेब. पुतणीच्या वाढदिवसाला आलेलं हे पांढरं गाठोडं पहिल्याच दिवशी दिवाणखान्याच्या मधोमध असं काही ऐसपैस बसलं, की काकांना नात्यातले एक निवृत्त मामलेदार आठवले. नाव तिथेच पक्कं झालं. आता एक खुलासा. गोष्टीतला, शिवारातला, चंद्रावरचा आपला ससा वेगळा आणि हा पिंजऱ्यातला वेगळा. शिवारातल्या सशाचं पिल्लू अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊन जन्माला येतं, आणि त्याला उचलून घरी आणणं हा कायद्याने गुन्हा आहे. पाळीव ससा मूळचा स्पेन-पोर्तुगालकडचा, बिळात राहणारा. त्याची पिल्लं उघडी आणि आंधळी जन्मतात. म्हणजे भाऊसाहेब परदेशस्थ. पण सभेने त्यांना पेठेतलेच मानलं.

लक्षणं दोन होती. लेंड्या आधी बारीक झाल्या, मग विरळ झाल्या, मग दिसेनाशा झाल्या. दुसरं लक्षण रंगाचं. पांढऱ्या प्राण्याचा रंग उडाला हे कळायला जरा वेळ लागतो. पण उन्हात बसले की भाऊसाहेबांचे कान गुलाबी दिसायचे, त्यातल्या शिरा मोजता यायच्या. ते कान आता फिके पडले होते. वहिनीने ओठ उचलून हिरड्या पाहिल्या. त्याही पांढुरक्या. “याचं रक्त कमी झालंय,” ती म्हणाली आणि आत गेली, कारण कुकरची तिसरी शिट्टी झाली होती.

सभेत पहिली बोलली आत्या. लंघन हे सर्वश्रेष्ठ औषध, एक दिवस काही देऊ नका, पोट आपोआप ताळ्यावर येईल. (आत्या स्वतः लंघनाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस आणि दाण्याची आमटी घेते.) माणसाला हे मानवतं, आत्याला तर फारच मानवतं, पण सशाला एका दिवसाचं लंघन वैकुंठाला नेऊ शकतं. त्याचं आतडं चालतं ते सतत काहीतरी आत ढकललं जातं म्हणून. दहा-बारा तास आत काही गेलं नाही आणि बाहेर काही आलं नाही की आतडं थंडावतं, वायू धरतो, दुखतं म्हणून तो खात नाही, खात नाही म्हणून आणखी दुखतं, आणि उपाशी अंगातली चरबी यकृतात जाऊन साठू लागते. सशाला ऑपरेशनच्या आधीसुद्धा उपाशी ठेवत नाहीत.

काकांचं मत, मिठाचं पाणी पाजून उलटी काढावी. ससा उलटी करूच शकत नाही. जठराच्या तोंडाशी त्याचा स्नायू इतका घट्ट आवळलेला असतो की आत गेलं ते मागच्या दारानेच निघतं.

तळमजल्यावरचे आजोबा रक्तवाढीचे तज्ज्ञ. बीट, डाळिंब, खजूर, काळ्या मनुका आणि गूळ ही पाच रत्नं त्यांनी पिशवीतून आणूनच दिली. आता सशाच्या पचनाचा मुख्य कारखाना जठरात नसतो. लहान आणि मोठ्या आतड्याच्या सांध्यावर, माणसाचं आंत्रपुच्छ जिथे लोंबतं तिथे, सशाला एक भलीमोठी पिशवी असते, जठराच्या जवळजवळ दहापट. तिच्यात अब्जावधी जिवाणू गवताचा चोथा आंबवून त्याचं अन्न करत असतात. या मंडळींचं चोथ्यावर पोट भरतं. त्यांना गूळ-खजूर मिळाला की चांगले जिवाणू मागे पडतात आणि उपद्रवी माजतात. पाच रत्नांनी भाऊसाहेबांचं रक्त वाढलं नसतं, गॅस मात्र पेठभर पुरला असता.

सर्वांत खतरनाक उपाय आला दुसऱ्या मजल्यावरून. तिथले काका पूर्वी औषधाच्या दुकानात होते, त्यामुळे इमारतीत अर्धे डॉक्टर समजले जातात. दादाची अक्कलदाढ काढली तेव्हाची अमॉक्सिसिलिनची चार कॅप्सूल शिल्लक होती. “पाव पाव द्या, काही होत नाही,” असं ते म्हणाले. पेनिसिलिनच्या घराण्यातली औषधं सशाच्या तोंडातून पोटात गेली की पिशवीतले उपकारक जिवाणू मरतात, त्यांच्या जागी क्लॉस्ट्रिडियम नावाचे गुंड वस्तीला येतात आणि त्यांचं विष दोन-तीन दिवसांत सशाला संपवतं. वहिनीने कॅप्सूल उचलून डब्यात टाकली ती काही हे माहीत होतं म्हणून नव्हे. दुसऱ्याचं उरलेलं औषध कोणालाच द्यायचं नाही, एवढा साधा नियम तिला ठाऊक होता.

काकूंनी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. संपूर्ण सभेत सशाला निर्धोक असा हा एकच उपाय निघाला.

शेवटी वहिनीनेच आमटी गॅसवरून उतरवली, भाऊसाहेबांना दुरडीत घातलं आणि दादाच्या स्कूटरवर मागे बसली. ससे, पोपट, कासवं बघणारे डॉक्टर पुण्यात सापडतात, कुत्र्या-मांजरांच्या डॉक्टरांएवढे नाहीत, पण सापडतात. या डॉक्टर बाईंनी पहिल्या पाच मिनिटांत कुठलाही उपाय सांगितला नाही. त्या नुसते प्रश्न विचारत राहिल्या. दादा मला नंतर म्हणाला, मला वाटलं बाई नवीन असतील.

खायला काय देता? गाजर, असं पुतणीने अभिमानाने सांगितलं. सगळ्या जगाने हेच सांगितलं असतं. १९४० साली बग्ज बनी पडद्यावर आला तो गाजर चघळतच, आणि ती ढब घेतली होती १९३४ च्या एका चित्रपटात कुंपणाला टेकून गाजर खाणाऱ्या क्लार्क गेबलवरून. म्हणजे नटाची नक्कल कार्टूनने केली आणि तिच्यावर तमाम सशांचा आहार ठरला. गाजर सशासाठी मिठाई आहे. खरा आहार म्हणजे वाळलेलं गवत, आठ दशांशाच्या वर, अहोरात्र समोर. सशाचे अठ्ठावीसच्या अठ्ठावीस दात जन्मभर वाढतात. पुढचे तर आठवड्याला दोन-तीन मिलिमीटर. गवत चावून ते झिजले नाहीत तर दाढांना कडा येतात, त्या जिभेला-गालाला टोचतात, आणि ससा भुकेला असूनही तोंड फिरवतो. घरच्यांना वाटतं, पोट बिघडलं. पोट खरंच बिघडतं, पण नंतर.

डॉक्टर बाईंनी टॉर्च लावून दाढा पाहिल्या. ठीक होत्या.

मग लेंड्यांचा विषय निघाला. वहिनीने आधीच्या दिवसाच्या लेंड्या डबीत नेल्या होत्या, त्या सूक्ष्मदर्शकाखाली गेल्या. लहान वयाच्या सशांत कॉक्सिडिया नावाचे परजीवी आतड्याला किंवा यकृताला लागतात, जुलाब होतात, रक्तही घटतं. तेही निघाले नाहीत. पण डॉक्टरांनी विचारलं, “आणि मऊ लेंड्या? त्या खातो ना?” दादाचा चेहरा पडला. ससा दोन प्रकारच्या लेंड्या टाकतो. एक कोरडी, गोल, जी सर्वांना माहीत असते. दुसरी मऊ, ओलसर, घोसासारखी, जी तो पहाटेच्या सुमारास थेट बुडाशी तोंड लावून गिळतो. त्या पिशवीतल्या जिवाणूंनी बनवलेली प्रथिनं आणि ‘ब’ जीवनसत्त्वं त्याला अशी दुसऱ्या फेरीत मिळतात. त्या खाल्ल्या नाहीत तर ससा खंगतो. ही बातमी घरी पोचली तेव्हा आत्याने पिंजऱ्यापासून स्वतःचं सोवळं आणखी दोन हात लांब नेलं.

आता रक्ताकडे. रक्त कमी होण्याच्या वाटा तीनच. एक तर ते कुठून तरी वाहून जातंय, किंवा आतल्या आत फुटतंय, किंवा तयारच होत नाहीये. डॉक्टर बाई एकेक वाट बंद करत निघाल्या. पिसवा? गच्चीवरच्या मांजरीकडून आलेल्या पिसवा फार झाल्या तर लहानशा सशाचं रक्त खरंच आटवतात, आणि कुत्र्याच्या पिसवांवरचा फिप्रोनिलचा फवारा त्यावर मारायचा नसतो, सशाला तो विषारी. पिसवा नव्हत्या. कांदा-लसूण? त्याने तांबड्या पेशी फुटतात. दादाने काकांकडे पाहिलं असतं, पण काका घरी होते. संध्याकाळची भजी ते भाऊसाहेबांबरोबर वाटून खातात का, याचा फोनवरून तपास झाला. काकांनी आरोप फेटाळला. भजी ते कोणाबरोबरच वाटून खात नाहीत.

लघवीचा रंग? इथे पुतणीने सांगितलं की परवा लाल झाली होती. दादाला घाम फुटला. पण सशाची लघवी पाल्यातल्या रंगद्रव्यांमुळे नारिंगी किंवा लालबुंद होऊ शकते आणि तिच्यात रक्ताचा थेंब नसतो. कागदाच्या पट्टीवर तपासल्याशिवाय डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही. पट्टी म्हणाली, रक्त नाही.

हे पट्टीचं करताना डॉक्टर बाईंनी भाऊसाहेबांना पालथं-उताणं केलं आणि चष्मा वर सरकवून म्हणाल्या, “ही मादी आहे.”

पिल्लं लहान असताना विकणाऱ्यालाही हे नीट कळत नाही, त्यामुळे यात कोणाचा दोष नाही. पण मामला गंभीर झाला. तीन-चार वर्षांच्या पुढच्या, गर्भाशय न काढलेल्या माद्यांना गर्भाशयाचा कर्करोग इतका सर्रास होतो की डॉक्टर त्यासाठीच लवकर ऑपरेशन करून टाकायला सांगतात. त्यात आतून रक्त जातं आणि हिरड्या पांढऱ्या पडतात. सोनोग्राफी झाली. भाऊसाहेबांचं वय दोनच्या आत असल्यामुळे सगळं ठीक होतं. घरी मात्र प्रश्न उभा राहिला की आता नाव काय. काकांनी नाव बदलायला साफ नकार दिला. त्या दिवसापासून घरात ‘भाऊसाहेब रुसल्या’, ‘भाऊसाहेब झोपल्यात का’ असं रीतसर बोलतात, आणि नवा पाहुणा दर वेळी चहाचा कप खाली ठेवतो.

कानाच्या शिरेतून रक्त घेतलं. निरोगी सशाच्या रक्तात लाल पेशींचा वाटा साधारण ३३ ते ५० टक्के. भाऊसाहेबांचा २२. आणि काचेवर पसरलेल्या थेंबात अर्धकच्च्या लाल पेशी, ज्यांच्यात केंद्रक शिल्लक आहे अशा, प्रमाणाबाहेर दिसत होत्या. डॉक्टर बाईंनी काचेवरची मान वर केली आणि अकस्मात सुताराचा प्रश्न विचारला: “घरात काय काय कुरतडते ही?”

सर्व फर्निचर, असं दादा म्हणाला. विशेष आवड? गॅलरीचा दरवाजा.

त्या दरवाज्याबद्दल इथे लिहिलंच पाहिजे, कारण काका त्याबद्दल सगळ्यांशी बोलतात. आणीबाणीच्या आधी दिलेला हिरवा ऑइलपेंट, त्यावर दर काही दिवाळ्यांनी आणखी एक हात. खाली लोखंडी जाळीला शेंदरी प्रायमर. “पापुद्रा निघत नाही अजून! असा रंग आता मिळत नाही,” हे काका पाहुण्यांना दरवाज्यावर टकटक करून सांगतात. काकांचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. असा रंग आता मिळत नाही, कारण १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगांत शिसं दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त घालायला आपल्याकडे बंदी आहे. जुन्या रंगाची ती तकाकी, तो टिकाऊपणा, लवकर वाळणं, सगळं बहुतांशी शिशाच्या कृपेचं होतं. शेंदूर तर शिशाचाच. भाऊसाहेब कित्येक दिवस, दात झिजवण्याच्या निसर्गदत्त गरजेपोटी, काकांच्या अभिमानाचा पापुद्रा काढत बसल्या होत्या.

एक्स-रेमध्ये पोटात बारीक पांढरे ठिपके दिसले आणि रक्तातलं शिसं मोजल्यावर शंका उरली नाही. शिसं अंगात गेलं की रक्ताचा लाल रंग बनवणारी यंत्रणाच अडवतं, म्हणून रक्त घटतं. आणि आतड्याची हालचाल मंदावते, म्हणून पोट बसतं. इतके दिवस घरात दोन आजारांवर दोन तट पडले होते, आत्या पोटाच्या बाजूची, आजोबा रक्ताच्या. दोघांचाही मुद्दा एकाच हिरव्या दरवाज्यातून आत आला होता.

इलाज त्यामानाने निमूटपणे झाला. शिशाला धरून लघवीवाटे बाहेर काढणारी इंजेक्शनं, सलाइन, वेदनाशामक, आणि गवताच्या भुकटीचं पातळ पिठलं सिरिंजने गालात सोडणं, दर काही तासांनी, रात्रीसुद्धा. रात्रीचा गजर वहिनीचा. पहिली लेंडी पडली तेव्हा काकांनी ती पुतणीच्या भिंगातून पाहिली आणि फोन करून मला तिचा व्यास सांगितला. आमच्या घराण्यात एवढं तपशीलवार आजवर फक्त स्वतःबद्दल बोलत असत.

गवताचा प्रश्न पुढे आठवडाभर चालला. परदेशी टिमोथी गवताचा भाव ऐकून काकांनी तो दोनदा विचारला. मंडईतल्या लसूणघासावर मतभेद झाले. आत्याला त्यात लसूण वाटला, तो नसतो, पण मोठ्या सशाला त्यातलं कॅल्शियम रोज झेपत नाही हे खरं. अखेर तोडगा निघाला हरळीचा. ओली, वाळलेली, दोन्ही चालते, फवारलेली मात्र नको. आत्या रोज गणपतीसाठी दूर्वा निवडते. आता एकवीस गणपतीच्या आणि उरलेली ओंजळ भाऊसाहेबांची. सोवळं दोन हात पुन्हा अलीकडे आलं.

दरवाज्याचं काम अजून रेंगाळलंय. रंगारी कोरडाच घासून काढतो म्हणत होता. तसं केलं तर शिशाची धूळ घरभर होते, म्हणून ओलं करूनच, तोंडाला मास्क लावून आणि पोरीला आजोळी पाठवून करायचं, असं डॉक्टर बाईंनी बजावलंय. काका म्हणतात, दरवाज्याला आधी फळी ठोकू, मग पाहू. त्यांना त्या रंगाचा निरोप घ्यायला अवधी हवा आहे.

पण डॉक्टर बाईंनी आणखी एक सांगितलं होतं. घरातल्या सशात शिसं सापडलं म्हणजे माणसंही तपासा, विशेषतः मूल. त्यामुळे सगळं घर एका सकाळी प्रयोगशाळेत ओळीने बसलं. पुतणीचं शिसं नगण्य निघालं. काकांचं ठीक. आत्याचं हिमोग्लोबिन तेरा, लंघनं मानवत असल्याचा पुरावा. वहिनीचं नऊ.

कोणाला काही सुचेना. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या बायकांत शंभरापैकी ५४ जणींना पंडुरोग असल्याचं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत निघालं होतं, तेव्हा आकडा नवा नव्हता. पण ज्या घरात सशाचा ओठ उचलून हिरड्या पाहिल्या गेल्या, तिथे ओठ उचलणारीची पापणी खाली ओढून कोणी पाहिली नव्हती. जिना चढताना तिला धाप लागते ही गोष्ट सगळ्यांना माहीत होती, आणि सगळ्यांचं ‘वजन कमी कर’ यावर एकमत होतं.

सभा पुन्हा भरली. तळमजल्यावरच्या आजोबांची पाच रत्नं फ्रिजमध्ये तशीच होती, त्यांना अखेर पत्ता मिळाला. वहिनीला बीट आवडत नाही. तिने बीट बाजूला सारलं, लोहाच्या गोळ्यांचं पाकीट पर्समध्ये टाकलं आणि माणसांच्या डॉक्टरांनी काय विचारलं ते सांगू लागली. पाळीला रक्त किती जातं, जंतांचं औषध शेवटचं कधी घेतलं, आणि जेवण झाल्या झाल्या चहा घेता का, कारण चहामुळे जेवणातलं लोह अंगी लागत नाही.

“म्हणजे जेवण नि चहा यात तास-दीड तास जाऊ द्यायचा,” वहिनी म्हणाली.

“चहाचा नि रक्ताचा काय गं संबंध?” आत्या पाटावर सरसावून बसली. “बैस अशी, नीट सांग मला. पण आधी आधण ठेवून ये.”